रोज एक शब्द

दामोदर साळवे यांचा मृत्यू गेल्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान, जालन्यात मस्तगड भागातल्या त्यांच्या दुकानात झाला. वय एकाहत्तर. ते खुर्चीत बसलेले होते. समोरचा कॉम्प्युटर सुरू होता. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा, दुसरा भरलेला, त्यावर साय धरलेली. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

दुकान दहा बाय आठचं. बाहेर पत्र्याची पाटी, ‘साळवे टायपिंग व प्रिंटिंग’. आत तीन कॉम्प्युटर, तिन्ही असे की त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा बंद पडलेल्या. दोन यंत्रं धंद्याची. मोंढ्याच्या बाजारातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कोऱ्या बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, साळवे त्यांच्यावर छापून देत, कार्बनसकट तीन प्रती एका फटक्यात. नवा प्रिंटर कागदावर शाई सोडतो, खालच्या दोन प्रतींना त्याचा पत्ता लागत नाही. जुना टाचण्यांनी ठोकतो. म्हणून गिऱ्हाईक टिकून होतं.

तिसरं यंत्र आतल्या बाजूला, कापडी पडद्यालगत होतं. त्या मॉडेलच्या नावावरून त्याला ते ‘एक्सटी’ म्हणत. वीस मेगाबाइटची डिस्क, म्हणजे आजच्या मोबाइलमधले चार-पाच फोटो मावतील एवढी जागा. हिरव्या अक्षरांचा पडदा. देवनागरी लिहिता यावं म्हणून आत बसवलेलं एक कार्ड. हे यंत्र धंद्याचं नव्हतं, पण रोज चालू व्हायचं.

साळवे मूळचे हसनाबादचे. आधी टाइपरायटर दुरुस्त करत, कॉम्प्युटर आले तेव्हा ते उघडून बघितले आणि तेही दुरुस्त करू लागले. शिक्षण दहावी. हत्यारं साधी असत. कार्डाच्या पितळी कडा ते शाळेतल्या खोडरबरानं घासत, शिलाई मशीनचं तेल पंख्याला घालत, कीबोर्डमधली धूळ दात घासायच्या ब्रशनं काढत. भंगारवाल्यांकडून मेलेली यंत्रं आणून त्यांचे अवयव बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एका डब्यावर लिहिलेलं होतं, ‘बिघडलेले पण चांगले’.

मी तेव्हा इथल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. नऊ वर्षांपूर्वी रविवारच्या पानासाठी त्यांच्यावर लिहायला गेलो. पहिला प्रश्न विचारला, किती जुना आहे हा?

“जुना कसा? चालू हाय ना,” ते म्हणाले. “बंद पडला की मंग जुना म्हणा.”

मजकूर छापून आला तेव्हा संपादकांच्या टेबलानं त्याला ‘भंगारातला संशोधक’ असा मथळा दिला. दोन दिवसांनी भेटलो तर त्यांनी तो अंक घडी करून समोर ठेवला.

“संशोधक ठीक हाय. पण भंगार कोणाला म्हणलं, पत्रकार? मला का तिला?”

‘तिला’ म्हणजे एक्सटीला, असं तेव्हा मी धरलं.

त्यांचा सकाळचा क्रम ठरलेला होता. दहाला दुकान उघडायचं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्ती. मग एक्सटीचं बटण. त्या यंत्राला तारीख लक्षात ठेवणारी बॅटरी नाही. बंद केलं की ते सगळं विसरतं आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या दृष्टीनं तारीख असते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, वेळ रात्रीचे बारा. त्यामुळे सुरू होताच ते विचारतं, आज कोणती तारीख? साळवे रोज ती हातानं टाकत. वेळ कधीच टाकत नसत. यंत्राचे बारा म्हणजे साळव्यांचे दहा.

“एक बॅटरीचं कार्ड मिळतं, बसवा की,” मी एकदा म्हणालो.

“पडलंय ना डब्यात. पण मंग ती मला कशाला विचारील?”

डिस्क ही खरी काळजी होती. त्या काळच्या डिस्कचं एक दुखणं असतं. काही दिवस फिरली नाही, की वाचणारी सुई तबकडीला चिकटते आणि ती पुन्हा फिरत नाही. यावर इलाज एकच, रोज फिरवणं. थंडीत तरीही अडायची. मग साळवे शेजारच्या शिंप्याच्या इस्त्रीवर फडकं गरम करून आणत, डिस्क त्यात गुंडाळून मांडीवर घेत. थोड्या वेळानं दोन्ही हातांत धरून मनगटानं एक हलका झटका देत. सुरू झाली की घरघर ऐकू येई. समोरच्या चहाच्या टपरीवरून रफिकभाई ओरडत, “साळवेसाब, आपका ट्रॅक्टर चालू हो गया!”

“हो गया. अब चाय भेज जल्दी.”

चहा रोज एकच यायचा.

या डिस्कपायी साळवे कुठं मुक्कामाला राहत नसत. त्यांची एकुलती मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, हिचं लग्न पुण्याला झालं. मंगल परिणय सकाळी अकराला. साळवे आदल्या रात्रीच्या बसनं गेले, लग्न लावलं आणि साडेतीनला परतीच्या बसमध्ये बसले. मुलीची पाठवणीही त्यांनी पाहिली नाही. मित्रा मला म्हणाली होती, “मी बाबांना बोलले, एवढं होतं तर मशीनलाच आणायचं ना मांडवात. खुर्ची दिली असती.” ती हसत सांगत होती. नंतर म्हणाली, “ते रागवले न्हाई. म्हणले, ती प्रवासात टिकायची न्हाई.”

एक्सटीवर काय होतं, हे मला पहिल्यांदा रफिकभाईंनी सांगितलं. “भाभी का कुछ है उसमें. बंद पड़ा है. खोलते रहते हैं.”

भाभी म्हणजे कुसुम साळवे. माहेर परतूर तालुक्यातल्या आष्टीचं. सातवी शिकलेल्या. एक्सटीवर देवनागरी टायपिंगचं काम त्याच करत. लोकांचे अर्ज, लग्नाची माहितीपत्रकं, नोटिसा. काम संपलं की रोज अर्धा तास स्वतःचं काहीतरी लिहीत. त्या एकोणीस वर्षांपूर्वी काविळीनं गेल्या, आजारी पडल्यापासून अकराव्या दिवशी. त्यांनी लिहिलेली एक फाइल डिस्कवर राहिली. फाइलीचं नाव त्या काळी रोमन लिपीत आठ अक्षरांत बसवावं लागे. कुसुमबाईंनी दिलेलं नाव होतं, ‘राहिलेलं’. फाइलीला कुलूप होतं. ती उघडायला गेलं, की पडद्यावर तीन शब्द उमटत: परवलीचा शब्द सांगा.

शब्द कुसुमबाईंना माहीत होता. साळव्यांना नव्हता.

ते रोज एक शब्द टाकून बघत. एकच. त्यासाठी लांबट वही होती. आधी तारीख लिहायची, पुढं शब्द. मग तो यंत्रात टाकायचा. उघडलं नाही की शब्दापुढं ‘न्हाई’. पडदा तसाच ठेवून ते धंद्याच्या यंत्राकडं वळत. दुपारपर्यंत ते तीन शब्द पडद्यावर उभे असत. इतकी वर्षं एकाच जागी उभे राहिल्यानं ते काचेत भाजले गेले होते. यंत्र बंद असलं तरी वाचता येत. नवं गिऱ्हाईक दचकायचं. एका बाईनं तर विचारलं होतं, “काका, लाइट न्हाई तरी हे कोण विचारून राह्यलंय?”

“घरातलंच माणूस हाय,” साळवे म्हणाले. “तुमची नोटीस द्या इकडं.”

वह्या सगळ्या मिळून सात झाल्या. मी त्या चाळल्या आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर फाइलीचं नाव, तिचा आकार आणि कुसुमबाईंनी ती शेवटची बंद केली ती तारीख उतरवलेली आहे. पुढं नुसते शब्द. सुरुवातीला नावं: मुलीचं, आईवडिलांचं, आष्टीच्या शाळेतल्या मैत्रिणींचं. मग गावं. मग कुसुमबाईंच्या लहानपणच्या शेळीचं नाव, चंदी. मग भाज्या, सण, साड्यांचे रंग. तिसऱ्या वहीत एक आठवडाभर फक्त आजारपणातले शब्द आहेत: सलाइन, ऊस, पिवळं, खिडकी. पाचव्या वहीत ‘अबोली’ दोनदा आहे, चार महिन्यांच्या अंतरानं. दुसऱ्यांदा पुढं कंसात लिहिलंय, ‘चुकून परत’.

शब्द संपत आले की ते लोकांना मागत. एकदा सकाळच्या बसनं आष्टीला जाऊन कुसुमबाईंच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, भेटून संध्याकाळी परत आले.

“गेल्तो आष्टीला,” त्यांनी सांगितलं. “अक्का बोलायला लागली तर थांबेचना. अकरा शब्द आणले. अकरा दिवसाची सोय झाली.”

मलाही त्यांनी एक शब्द मागितला होता. मी एक दिला. पुढच्या खेपेला दारातच म्हणाले, “तुमचा न्हाई चालला.”

फाइलीला कुलूप का लागलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. प्रिंटर साफ करता करता, माझ्याकडं न बघता.

कुसुमबाई लिहायला लागल्या तेव्हा कुलूप नव्हतं. एके दिवशी साळव्यांनी प्रिंटरला नवी रिबन घातली. छपाई तपासायला एखादं पान काढून बघायचं असतं. हाताशी एक्सटीवर उघडी फाइल होती, तिचंच एक पान त्यांनी छापलं. न वाचता, असं ते म्हणाले. पान बाहेर आलं तेव्हा दुकानात ट्रान्सपोर्टचे दोन कारकून उभे होते. त्यातल्या एकानं ते उचललं आणि मोठ्यानं वाचलं. त्यात एक ओळ होती, दिवसभरात मला कोणी विचारत नाही की तू जेवलीस का.

“काय साळवे,” कारकून म्हणाला, “वहिनीला जेवायला देत न्हाई का?”

दोघं हसले.

“मी बी हसलो,” साळवे म्हणाले. “गिऱ्हाईक होतं ना. हसलो. ती कापडी पडद्याच्या मागं होती. चहा घेऊन बाहेर आली, तिघांचे कप ठेवले आणि गेली. स्वतःचा कप आणला न्हाई.”

“काही बोलल्या?”

“काहीच न्हाई. दुसऱ्या दिवशी विचारलं, फाइलीला कुलूप कसं लावायचं? मीच शिकवलं. दोनदा करून दाखवलं. ती शब्द टाकत होती तेव्हा मी तोंड फिरवून उभा राह्यलो.”

त्यानंतर सात वर्षं त्या लिहीत होत्या. रोज अर्धा तास, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवसापर्यंत. साळव्यांनी त्याबद्दल त्यांना कधी काही विचारलं नाही.

“त्या दिवसाचं तिनं मनात ठेवलं का सोडून दिलं, तेवढं मला पाहिजे,” ते म्हणाले. “ते वाचलं की झालं. बाकी मला काही बघायचं न्हाई.”

कुलूप तोडणं अवघड नव्हतं. मित्राचे पती नितीन पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतात. पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत दोघं जालन्याला आले होते. दुकानातच बोलणं निघालं. मी बातमीच्या कामानं शेजारी आलो होतो, तिथून आत डोकावलो होतो.

“बाबा, त्या काळची कुलपं कच्ची असायची,” नितीन म्हणाले. “फाइलची कॉपी द्या फक्त. पाच मिनिटांचं काम आहे.”

“मला ठाऊक हाय, जावईबापू. चार मिनिटाचं हाय.”

“मग?”

“तिनं आतून कडी लावलीय. मी रोज टकटक करतो. कडी तोडायची न्हाई.”

मित्रा पुढं आली. ती म्हणाली, “बाबा, आई माझी पण होती. मला न्हाई का वाटत वाचावं?”

“मंग तू बी टाक की. रोज एक. फोनवर सांगत जा, मी टाकतो तुझ्या नावानं.”

“आणि तोवर डिस्क गेली तर?”

साळवे उठले. बिस्किटांचे डबे नीट लावत राहिले. मित्रानं त्यानंतर दर रविवारी फोनवर एक शब्द सांगायला सुरुवात केली. वहीत रविवारच्या शब्दांपुढं ‘मि.’ असं लिहिलेलं आहे. तिनं सांगितलेल्या शब्दांतले बरेचसे आईच्या अंगाईतले सुटे सुटे शब्द आहेत. तेही ‘न्हाई’.

गेल्या पावसाळ्यापासून डिस्कचा आवाज बदलला. घरघरीच्या मध्ये टकटक येऊ लागली. साळव्यांनी फाइल दोन फ्लॉप्यांवर उतरवून ठेवली होती, त्यांना बुरशी लागली. फाइल दुसऱ्या यंत्रात नेऊनही शब्द टाकून उघडता येणार नव्हती. लिहिण्याचा प्रोग्राम आणि ते देवनागरी कार्ड यांची जोडी फक्त एक्सटीत होती. ऑक्टोबरात मी गेलो तेव्हा ते गरम फडक्यात डिस्क गुंडाळून बसले होते. पाऊण तास झाला होता.

“आज ऐकून न्हाई राह्यली,” ते म्हणाले. मग चौथ्या झटक्याला ती फिरली. त्यांनी तारीख टाकली, वहीत शब्द लिहिला. मला दिसू नये म्हणून वहीवर हात ठेवला होता. पूर्वी ते असं करत नसत. मी कारण विचारलं.

“आता बाहेरचे शब्द संपले, पत्रकार. आता आमच्या दोघातलेच राह्यले.”

ही आमची शेवटची भेट.

मंगळवारचा क्रम रफिकभाईंनी सांगितला तो असा. दुकान दहाला उघडलं. थंडी होती, तरी ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. सव्वादहाला नेहमीचा चहा न्यायला पोऱ्या निघाला तेव्हा साळव्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. अकराच्या सुमारास ते स्वतः टपरीवर आले. चष्मा हातात होता.

“बोले, रफिकभाई, आज दो चाय दे. मैंने पूछा, कौन आया? बोले, दो दे ना. मैंने सोचा गिऱ्हाईक होगा.”

रफिकभाईंनी चहा स्वतः नेऊन दिला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. साळव्यांनी एक कप स्वतःपुढं ठेवला, दुसरा एक्सटीच्या कीबोर्डशेजारी. एक वाजता रफिकभाई कप न्यायला गेले तेव्हा ते गेलेले होते. रफिकभाईंनी आधी शिंप्याला हाक मारली, मग पुण्याला फोन लावला. मित्रानं फोनवर एवढंच विचारलं, मशीन चालू आहे का? चालू आहे म्हटल्यावर म्हणाली, “बंद नका करू. कोणालाच करू देऊ नका.”

रफिकभाईंनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि यंत्र तसंच चालू ठेवलं.

बुधवारी अकराला अंत्यविधी झाला. वंदना आणि पंचशील झाल्यावर लोक पांगले. दुपारी तीनच्या सुमारास मित्रा, नितीन, रफिकभाई आणि मी दुकानात गेलो. कप कोणी उचलले नव्हते. डिस्क टकटकत होती. नेहमी दुपारी पडद्यावर असायची ती ओळ पडद्यावर नव्हती. प्रोग्राम बंद केलेला होता. काचेत भाजलेले तीन शब्द मात्र मागे अंधुक दिसत होते.

फायलींची यादी कशी काढायची, हे मित्राला लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं. तिनं काढली. ‘राहिलेलं’ यादीत सगळ्यात खाली होती. त्या यंत्रात फाइल नुसती उघडून बंद केली तर तारीख बदलत नाही. तिच्यात काही लिहून ती ठेवली तरच बदलते. एकोणीस वर्षं तिच्यापुढं कुसुमबाईंची तारीख होती. आता मंगळवारची होती. वेळ बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. यंत्राच्या हिशेबात म्हणजे सुरू केल्यापासून सत्तेचाळीस मिनिटं, खरे पावणेअकरा.

मित्रानं पहिल्या वहीतला आकार यादीतल्या आकाराशी ताडून पाहिला. फाइल चौतीस अक्षरांनी वाढलेली होती. साधारण एक ओळ.

तिनं प्रोग्राम सुरू करून फाइल मागवली. पडद्यावर तीन शब्द आले, काचेतल्या तीन शब्दांवर बरोबर बसले.

“टाक काहीतरी,” नितीन म्हणाले.

तिनं कीबोर्डवरून हात काढून घेतले. “बाबांनी कडी परत लावून घेतलीय,” ती म्हणाली.

फाइलची प्रत काढता येते का बघायला नितीन लॅपटॉप आणायला गाडीकडं गेले. चार वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. डिस्क थांबत जाण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाच वाजता लाइट आली तेव्हा ती फिरली नाही. रफिकभाईंनी शिंप्याकडून फडकं गरम करून आणलं. मित्रानं डिस्क मांडीवर घेतली, अर्ध्या तासानं मनगटानं झटका दिला. वडील देत तसाच. सात वेळा दिला. डिस्क आता पुण्याला तिच्या कपाटात आहे. नितीननी ती दुरुस्तीला पाठवायचं दोनदा सुचवलं. तिनं थांब म्हणून सांगितलं आहे.

सातवी वही एक्सटीच्या कीबोर्डखाली सापडली. सोमवारच्या तारखेपुढं एक शब्द आहे आणि त्यापुढं ‘न्हाई’. मंगळवारची तारीख लिहिलेली आहे. तिच्या पुढची जागा ब्लेडनं चौकोनी कापून काढलेली आहे, कडा सरळ आहेत. खालच्या पानावर अक्षराचा ठसा उमटू नये म्हणून मध्ये बिल्टीच्या पुस्तकाचा जाड पुठ्ठा घातलेला होता. पुढं ‘न्हाई’ लिहिलेलं नाही. कापलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात, टेबलाच्या खणांत, बिस्किटांच्या डब्यांत आणि साळव्यांच्या खिशांत शोधला. तो मिळाला नाही.